साकेलारिसची रजा साकेलारिसनेच नामंजूर केली, त्याबद्दल

डार्विन, ऑस्ट्रेलिया,
आंबे पिकण्याआधीचा उकाडा

माझी धाकटी बहीण थेमेलिना हिला, ग्रीसच्या कालिम्नोस बेटावर, थोरल्या सेवास्तीचे अनेक आशीर्वाद. आम्ही सगळे खुशाल, फक्त उकडून निघालो आहोत. तुझे गुडघे कसे आहेत? मोतीबिंदू काढलास, की अजून पिकवतेच आहेस? तुला पत्र वाचून दाखवणाऱ्या पाद्रीबाबांना माझा नमस्कार. इकडे माझी सून इरिनी लिहून घेते आहे. (त्यामुळे या पत्रात सुनेबद्दल सगळं चांगलंच येईल.)

तर मुद्दा असा, की ईस्टरला आम्ही येत नाही.

तुझा भाचा साकेलारिस सरकारचा वरिष्ठ वकील आहे, हे तुझ्या गल्लीतल्या बोकडांनाही ठाऊक असेल, इतक्यांदा मी कळवलं आहे. इथलं सरकार फार उदार. दहा वर्षं इमानानं नोकरी केली, की तीन महिने भरपगारी दीर्घ सेवा रजा देतं. निम्मा पगार घेतला तर रजा दुप्पट. (आपल्या बाबांना स्पंज काढायला समुद्रात बुड्या मारण्यातून रजा एकदाच मिळाली, ती कायमची.) साकेलारिसची अशी रजा दोनदा साठली आणि ऑलिव्हसारखी बरणीत मुरत राहिली. त्याच्यावाचून सरकार अडेल असं त्याला वाटतं. सरकारनं तसं त्याला कधी सांगितलेलं नाही.

या वर्षी मी त्याला जेवायला वाढणं बंद केलं, तेव्हा कुठे त्यानं अर्ज केला. पण घोळ असा झाला, की रजा मंजूर करणारा त्याचा साहेब स्वतःच दीर्घ सेवा रजेवर गेला (माणसं जातात गं, आभाळ कोसळत नाही), आणि त्याच्या खुर्चीत तात्पुरता बसला कोण, तर आपलाच साकेलारिस. म्हणजे अर्ज फिरून त्याच्याच टेबलावर आला. त्यानं तो दोनदा वाचला म्हणे, आणि कामाची निकड पाहता नामंजूर केला. वर अर्जदाराला खेद कळवला.

मी म्हटलं, "अरे, स्वतःला नाही म्हणायला जीभ कशी रेटली तुझी?"

"आई, हो म्हटलं असतं तर पक्षपात झाला असता."

"मग वर दाद माग."

"कशाच्या आधारावर? निकाल अगदी चोख लिहिलाय."

त्यावर इरिनी म्हणाली, "ज्यानं लिहिलाय त्याला म्हणावं, व्हरांड्यात झोप." (हे लिहायला ती नको म्हणत होती. मी म्हटलं, लिही.) तेव्हापासून तो बाहेर मच्छरदाणीत झोपतो. कुरकुर नाही. तो निकालही त्याला रास्तच वाटला असावा.

थेमे, आपण शेवटचं भेटलो तेव्हा तुझ्या तोंडात तुझे स्वतःचे दात होते. याची तिसरी रजा साठेपर्यंत आपल्यातली एक तरी मातीखाली असेल. बाकी काही दुःख नाही.

असो. सगळ्यांना यथायोग्य सांग.

तुझी सेवास्ती
(सहीच्या जागी फुली आहे, ती मात्र मी स्वतः काढली.)

ता. क. इथून पुढचं पाद्रीबाबांकडून वाचून घेऊ नकोस. (पाद्रीबाबा, थांबा. थांबला नसाल, तर अर्धं पाप तुमचं.) जवळचं माणूस मरणपंथाला लागलं, तर सरकार त्याच दिवशी रजा देतं, आणि ती साकेलारिसलाही नाकारता येत नाही. तेव्हा तू जरा मरणपंथाला लाग. फार नको, फोन करण्यापुरतं.

ता. क. दुसरा. राहू दे. इरिनीनं नियम उघडून पाहिला. जवळच्या माणसांत आई बसते, मावशी बसत नाही. (मावशी वगळावी असा सल्ला सरकारला देणारा वरिष्ठ वकील कोण, ते विचारू नकोस. तुझाच लाडका.) तू ठणठणीत राहा. इरिनीनं माझं एकटीचं तिकीट काढलंय. मरणपंथाला मीच लागते, तुझ्याकडे येऊन. समुद्राकडची खाट झाडून ठेव. फक्त साकेलारिसला फोन करायची घाई करू नकोस. आधी आपण दोघी पोटभर बोलून घेऊ, मग मी मरायला लागते.