राक्षस मेला नाही

ती. आईला लंबूचा वाकून नमस्कार. वाकायला मला वेळ लागतो, तेवढं सांभाळून घे.

मी मजेत आहे. नाटक कंपनीत देशोदेशीच्या गोष्टींमधले राक्षस मीच करतो. कुणी आभाळ पेलणारा, कुणी डोंगर उशाला घेऊन झोपणारा. शेवट मात्र सगळीकडे एकच, कुणीतरी चिमुकला वीर येतो आणि मी मरतो. लगेच दृष्ट काढायला बसू नकोस, तलवार लाकडी असते.

परवा ऐन खेळात वरच्या दिव्यांचा लोखंडी दांडा सुटला. बरोब्बर खाली वीराचं काम करणारी आमची ठेंगणी नटी उभी होती. मी हात वर करून दांडा धरला. लोकांना वाटलं, हे नाटकातलंच आहे. कामगारांनी येऊन दांडा उतरवून घेतला, तेव्हा मी पुटपुटलो, "मार आता, लोक खोळंबलेत."

तिने तलवार खाली ठेवली. "आज नाही जमायचं," म्हणाली. शेवटी मॅनेजरने पडदा पाडला.

दांडा तापलेला होता, त्यामुळे हाताला जरासं भाजलंय. म्हणून हे पत्र तिच्याकडून लिहून घेतोय, अक्षर बघून घाबरू नकोस.

बाबांचा खोकला कसा आहे? ताई अजून माझ्यासाठी स्थळं बघतेय का? तिला म्हणावं, सध्या राहू दे.

तुझा,
लंबू

ता. क. काकू, हे मी माझ्या मनाने लिहितेय. जरासं नाही, दोन्ही तळहात भाजलेत. पण बोटं वाचली, असं डॉक्टर म्हणाले. दोन्ही वेळा मी भरवते. पोटभर जेवतात.