आंब्यावरचं दयाळाचं घर

बिबवेवाडी,
४ मार्च २०२५

हेमाताईंना,
स. न. वि. वि.

तुमचा पुष्कर आणि माझी अस्मिता वेगळे झाले, तेव्हा आपलं विहिणींचं नातंही संपलं असं मुलं धरून चालली आहेत. त्या घरी फोन करायचा नाही, असं अस्मितानं मला बजावलंय. पत्राबद्दल मात्र ती काही बोललेली नाही.

आमच्या ह्यांनी दयाळ पक्ष्यांसाठी लाकडी घर केलंय. आमच्या चौथ्या मजल्यावर कोण येणार राहायला? तुमच्या बागेत आंबा आहे, म्हणून कुरियरनं पाठवते आहे. नको असेल तर खुशाल परत करा, राग नाही.

श्रीधररावांना नमस्कार. मनात किंतु नसावा.
कल्याणी

कोथरूड,
४ एप्रिल

प्रिय कल्याणीताई,
स. न. वि. वि.

उत्तराला उशीर झाला. खोकं आलं तेव्हा पुष्करनं तुमचं अक्षर ओळखलं. मी पक्ष्यांसाठी आहे म्हटलं, तर म्हणाला, त्यांना तरी संसार जमू दे. हल्ली ऑफिसातून आला की दार लावून घेतो. जेवायलासुद्धा हाका मारत बसावं लागतं.

घर मीच आंब्याला बांधलं. आमचे हे स्टूल धरायला होते, म्हणजे सूचना द्यायला. बरेच दिवस कुणी फिरकलं नाही. आता जोडी आलीय. मादी मुळं-काड्या आत नेते आणि नर पहाटेपासून तारेवर बसून गातो. शेजारचं मांजरही ते मन लावून ऐकतं, एवढीच काळजी.

अस्मिता कशी आहे? विचारू नये, पण विचारते.

माया आहे तशी राहू द्या.
हेमा

बिबवेवाडी,
२९ एप्रिल

प्रिय हेमाताई,
स. न. वि. वि.

काल सकाळी ह्यांच्या फोनवर पुष्करचं नाव आलं. आम्ही दोघं घाबरलोच. तर मांजर आंब्यावर चढलं होतं, हा अनवाणी धावला होता आणि आता खोडाला पत्रा किती उंचीवर ठोकायचा ते विचारत होता. आत पिल्लांचा आवाज येतोय म्हणाला. ह्यांनी सांगितलं, खिळे नकोत, तारेनं बांध. फोन ठेवताना त्यानं, काका, शुगर कशी आहे, असं विचारलं. फोन ठेवल्याबरोबर ह्यांनी उरलेल्या तारेचं वेटोळं शोधून काढलं.

अस्मिता समोरच पोहे खात होती. तिनं सगळं ऐकलं. ती बरी आहे, कामात असते, हल्ली रडत नाही. बशी उचलताना म्हणाली, आई, तुला पिल्लं बघायला जायचं असेल तर जा. मी येणार नाही.

तर येत्या रविवारी मी येते. चहा झाडाखालीच घेऊ. घरात यायला अजून धीर होत नाही.

ओढ आहे, ती राहू द्यावी.
तुमची,
कल्याणी