डावीकडची चैन

२ नोव्हेंबर, रविवार
सकाळी वंदना आणि तिच्या सायकलवाल्या मैत्रिणी गंगापूर धरणाच्या रस्त्याला. मी नेहमीसारखा मागून, साइडची चाकं लावलेल्या माझ्या स्कूटरवर. घरी आल्यावर चहा पिताना सहज बोलून गेलो, एकदा तरी तुझ्या बरोबरीनं सायकल चालवायची होती. सहज म्हणजे काय, लहानपणापासून पोटात होतं. पोलिओनं डावा पाय आखूड आणि बारीक. सायकलच्या सीटवर आजवर बसलेलो नाही. वाटलं, हसेल आणि विषय संपेल. तिनं कप खाली ठेवला. "आखूड म्हणजे नेमका किती?"
लग्नाला इतकी वर्षं झाली, हे तिनं कधी विचारलं नव्हतं.

५ नोव्हेंबर, बुधवार
मापं घेणं झालं. हाफपँट घालून स्टुलावर बसवलं. मी घरातसुद्धा पाय झाकून वावरतो, पण व.ला त्याचं काही नाही. कंपनीच्या टूलरूममध्ये रोज साचे मापते, तशीच टेप, गुण्या आणि खडू घेऊन बसली. गुडघा किती वाकतो, घोटा कुठे अडतो. भिंतीवर खडूच्या रेघा. आई दारातून बघत होती.
मध्येच व. पायावरून हात फिरवत म्हणाली, "ह्याला मोठ्या गोलात फिरवायला नको. ह्याच्यासाठी लहान गोल करू." म्हणजे डावा क्रँक, पायडलचा दांडा, आखूड, उजवा नेहमीचा. लाजायला मला वेळच मिळाला नाही.

१६ नोव्हेंबर, रविवार
सिन्नरच्या एमआयडीसीत ओळखीचं एक वर्कशॉप आहे, शिफ्टनंतर तिथला लेथ तिला मिळतो. आज मलाही नेलं. डावा क्रँक लोखंडाच्या सळईतून काढलाय, कडा कानशीनं घासून गोल केल्यात. हातात घेतला तर खाली ठेवावासा वाटेना. पायडल तर माझ्या पावलाच्या आकाराचं, उंच, टाचेला कठडा. प्रत्येक तुकड्याच्या पोटाशी तिनं पंचानं "वं" ठोकलाय. मी विचारलं, ही सही कोण बघणार? म्हणाली, बघायला नाही, मी केलंय हे मला माहीत असावं म्हणून.
बाईला गर्व आहे. असायलाच पाहिजे. मला तरी तो फार आवडतो.

२३ नोव्हें., रवि.
फ्रेमचे सांधे देवळालीगावच्या अन्वरभाईंकडे. सायकलचं दुकान त्यांच्या वडिलांपासूनचं. नळ्या हिनं कापून दिल्या, पितळेनं झाळायचं काम त्यांचं. मधली दांडी खाली, बायकांच्या सायकलसारखी, म्हणजे पाय उचलून घालता येईल. पितळ वितळून सांध्यात शिरतं ते दोघं अशी वाकून बघत होती की मीही वाकलो. अन्वरभाई रंग लावायला निघाले तर व.नं थांबवलं. सांधे दिसू देत म्हणाली.
आई घरी म्हणते, "चाळिशी उलटून गेली, आता कशाला हा खेळ. पडला म्हंजी?"

३० नोव्हें., रविवार
पडलो.
विहारामागच्या मैदानात, सकाळी. सायकल सुरेखच झालीय, आधी ते लिहितो. सगळे चढतात तसा डावीकडून चढायला गेलो. पण चढताना भार जमिनीवरच्या पायावर येतो, आणि माझा तोच पाय कामाचा नाही. मग उजवीकडून. उजव्या पायावर उभा राहून हातानं डावा उचलून पलीकडे टाकला, जमलं. उतरताना तोल गेला आणि उजवी नडगी चैनच्या चक्रावर घासत खाली. दात रुतले. पँट फाटली, रक्त.
गुडघ्यापासून बोटापर्यंत सगळं मापलं, आणि मी चढणार कोणत्या बाजूनं हे कुणीच विचारलं नाही. मलाही सुचलं नाही. कधी चढलोच नव्हतो तर सुचणार कसं.
घरी आई जखम धुताना व.कडे न बघता म्हणाली, "एकच पाय हाय त्याला. तो बी घालवती का?"
व. आत गेली. आईचं चूक कसं म्हणू? हा पाय गेला तर जिना, ऑफिस, बाजार, सगळं गेलं.

३ डिसेंबर, बुधवार
दोन टाके. रजा. व.ला म्हटलं, राहू दे, इतकं केलंस तेच पुष्कळ, भिंतीला टांगून ठेवू, शोभेल. ती म्हणाली, शोभेच्या वस्तू मी करत नाही.
संध्याकाळी अन्वरभाई बघायला आले. त्यांचं म्हणणं, चैनकव्हर ठोकू, झालं काम. व. म्हणाली, "चूक झाकायची नाही, हलवायची. चैन डावीकडे घेते."
"भाभी, दुनियाभर चैन उजवीकडेच असते."
"दुनिया डावीकडून चढते म्हणून. हे उजवीकडून चढतात."
अन्वरभाई आपण होऊन चैन उतरवायला बसले.

१४ डिसें., रवि.
चैन नुसती पलीकडे टाकून भागत नाही, हे आज समजलं. मागच्या चाकाचं फ्रीव्हील आट्यांवर बसतं. उजवीकडे असलं की पायडल मारताना घट्ट होत जातं. तेच डावीकडे नेलं तर मारू तसं सैल होत जाणार आणि भर रस्त्यात सुटून येणार. म्हणून आटे उलटे पाहिजेत, चाकाच्या मधल्या हबचेही आणि फ्रीव्हीलचेही. आतले खटकेसुद्धा उलट तोंडाचे. आपल्याकडच्या बाजारात असलं काही मिळालं नाही, म्हणून ही सगळं स्वतः कातते आहे.
पहिला हब फुकट गेला, आटे ढिले. तिनं तो उचलून भंगारात टाकला आणि नवा तुकडा लेथला लावला. वैताग नाही, सुस्कारा नाही. मी असतो तर आठवडाभर जगाला दोष देत बसलो असतो. या बाईशी माझं लग्न झालंय याचं मला अधूनमधून खरंच नवल वाटतं.

२५ डिसें., गुरु.
सुट्टी. दिवसभर अन्वरभाईंकडे चाकाच्या तारा ओढणं. स्टँडही उजवीकडून काढून... नाही, उलट, डावीकडून काढून उजवीकडे. मी सांगत गेलो तर दोघांनी मला चहा आणायला पिटाळलं. चाक फिरवून बघितलं. उलट्या फ्रीव्हीलचा टिकटिक आवाज अगदी सुलट सायकलीसारखा.

४ जानेवारी, रविवार
चालवली.
पुन्हा लिहितो. मी सायकल चालवली.
उजवीकडून चढलो, नडगीजवळ आता काहीच नाही, नुसती हवा. व.नं सीट धरली होती. उजवा पाय जोर लावतोय आणि डावा आपला लहान गोलात फिरतोय, जेवणानंतर शतपावली केल्यासारखा. आखूड पाय बिनकामाचा असतो असं मी धरून चाललो होतो. त्याला आज काम मिळालं. मागे न बघता म्हटलं, सोडू नकोस, तर तिचा आवाज पार मैदानाच्या मधून आला, सीट केव्हाच सोडली होती.
दोन फेऱ्या. उतरलोही, उजव्या पायावर, नीट. मग रडलो. पोरं क्रिकेट थांबवून बघत होती, बघू देत.
घरी आईला सांगितलं. पँट वर करून आधी नडगी तपासली तिनं. मग साखर दिली हातावर.

८ जाने., गुरुवार
रोज सकाळी मैदान. आज व.नं कान लावून ऐकलं, म्हणाली चैन कुठेतरी घासतेय. मला तर काही ऐकू येत नाही. मैदानात चढ नाही, रस्त्यावर जोर लागला की कळेल म्हणाली. मी विषय बदलला. रस्त्यावर ट्रक आहेत, उतारावर खडी आहे, आणि पाय एकच आहे.

१० जाने., शनिवार
संध्याकाळी तिनं दोन्ही सायकलींत हवा भरली. उद्या रविवार, धरणाचा रस्ता. आई ओट्याशी उभी होती, तिच्याकडे बघितलं तर म्हणाली, "माझ्याकडं काय बघतो, तुझा पाय हाय."
जेवताना व. म्हणाली, "उद्या तुम्ही पुढे. चैन कुठे घासते ते मला मागून बघायचंय."
चैनचंच बोलत होती, तोंड अगदी टूलरूममध्ये असतं तसं. पण भाकरी मोडायची थांबली होती.
मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. इतके रविवार मी हिची पाठ बघत आलो. माझी पाठ रस्त्यावर कशी दिसते, ते तिनं अजून बघितलेलंच नाही.