जमिनीपासून दहा फूट

बाई, स्वतःच्या हातांनी मी काय काय केलं ते आधी सांगतो, म्हणजे पुढचं सांगायला बरं पडेल. दोन रिंगा केल्या, वीस मिलिमीटरच्या सळईच्या, लाकडी साच्यावर वाकवून, आतून अठरा इंच. कुठूनही टेप लावा, अठराच भरतील. दोन बोर्ड केले, वॉटरप्रूफ प्लायचे, सहा फूट बाय साडेतीन फूट, कडांना रंगाचे तीन हात दिलेले, कारण प्लाय कुजतं ते कडेकडून. दोन खांब उभे केले, साखर कारखान्याच्या भंगारातून निवडून आणलेल्या पाइपांचे. मुरूम दाबायला डांबराच्या पिंपात काँक्रीट ओतून रोलर केला. चार बाक केले, त्यातला एक डुगडुगतो, तो पहिला. जाळ्या किती विणल्या ते सांगता येत नाही. उन्हाने नायलॉन कुजतं आणि नव्या कराव्याच लागतात. आणि या सगळ्याच्या खाली कोर्ट. वेल्डिंग, काँक्रीट, रंग, काहीच कुणाकडे शिकलो नाही. बोटं भाजत, पैसे वाया घालवत शिकलो, पण आज कुणी चूक काढून दाखवावी.

हे सगळं परवा पुण्याहून आलेल्या दोघांना दाखवलं. ते मला न्यायला आले होते. तिकडे मोठी अकादमी निघालीय, मुलं तिथेच राहतात, शिकतात, खेळतात, आणि त्यांना मुख्य प्रशिक्षक हवाय. मुख्य प्रशिक्षक, बाई. कोचिंगचा डिप्लोमा नाही म्हणून ज्याच्या हातात जिल्ह्याच्या शिबिरातही कुणी शिट्टी दिली नाही, त्याला. डिप्लोमाला पदवी लागते आणि माझं कॉलेज दुसऱ्या वर्षाला सुटलं ते सामन्यांपायी, हे तुम्हाला माहीत आहे. आज सकाळी त्या लोकांना मी उत्तर दिलं. ते कुणाला तरी सविस्तर सांगावंसं वाटतंय. बायकोशी सगळं बोलतो, पण तिच्या लेखी बास्केटबॉल म्हणजे बॉल टोपलीत टाकणं, त्यात बोलायचं काय. तुम्हाला जाऊन वीस वर्षं होत आली, तरी या विषयावर बोलायला दुसरं माणूस अजून मिळालेलं नाही.

तुम्ही शिवणाच्या बाई. नगरच्या आपल्या शाळेतले खेळाचे सर बदलून गेले, जागेवर कुणी आलं नाही, तेव्हा मुख्याध्यापकांनी बॉल, पंप आणि नियमांचं पुस्तक तुमच्या टेबलावर आणून ठेवलं. तुमच्या तासाला पोरं गप्प बसतात, एवढाच तुमचा गुण त्यांना दिसला होता. मी तेव्हा बोर्डिंगात, नेवाशाकडच्या खेड्यातून आलेला, कुणाशी न बोलणारा. तुम्ही आठवडाभर पुस्तक वाचलंत, पेन्सिलने खुणा केल्यात, आणि सोमवारी मैदानावर आलात त्या साडीखाली पांढरे कॅनव्हासचे बूट घालून, शिवणाची टेप गळ्यात तशीच. तुम्हाला स्वतःला रिंगमध्ये बॉल टाकताना मी एकदाही पाहिलं नाही. पण मी बॉल सरळ रेषेत फेकायचो आणि तो कडेवर आपटायचा, तेव्हा तुम्ही म्हणालात, "अरे, सुईचं भोक तुझ्यासमोर असतं, म्हणून दोरा सरळ जातो. ह्या भोकाचं तोंड आभाळाकडे आहे. तू वरून ये." पुढे मोठमोठ्या प्रशिक्षकांनी हाताचा कोन, मनगट, कोपर वगैरे पुष्कळ सांगितलं. त्यात याहून जास्त काही नव्हतं.

रविवारी चर्चमधली प्रार्थना आटोपून तुम्ही मिशनच्या कंपाउंडातल्या तुमच्या घरी मला बोलवायचात. स्वयंपाकघरात चुलीवर रस्सा उकळतोय, फळीवर डबे, आणि मधोमध खुर्ची उलटी टांगलेली. तिच्या पायांना दोऱ्या बांधून तुम्ही मला जाळी विणायला शिकवताय. रिंगला बारा आकडे, म्हणून बारा फासे, खाली येता येता गाठींमधलं अंतर कमी करायचं, म्हणजे बॉल क्षणभर अडतो आणि पडलेला दिसतो. माझी गाठ सैल झाली की तुम्ही काही न बोलता ती सोडून दोरी परत माझ्या हातात देता. एकदा मी म्हणालो, "बाई, बाजारात आयती मिळती की." तुम्ही पातेल्यातलं ढवळत म्हणालात, "मिळते ना. रस्सापण मिळतो हॉटेलात. जेवून जा तिकडे." मी परत गाठ मारायला लागलो. त्या रश्श्यासाठी मी मच्छरदाणीसुद्धा विणली असती.

मग पुण्याची स्पर्धा. पहिलाच सामना, आणि माझा एकूण एक बॉल रिंगच्या पुढच्या कडेला लागून परत येतोय. शाळेत बघता बघता दहातले आठ टाकणारा मी. समोरच्या संघातला एकजण पळता पळता म्हणाला, "काय रे, नगरला रिंग गुडघ्याला लावतात का?" हरून एसटीत बसलो तेव्हा मी तोंड उघडलं. "बाई, त्यांची रिंग उंच हाय." सगळा संघ हसला. "हो ना," मागून एकजण म्हणाला, "आणि त्यांचा बॉल चौकोनी होता." तुम्ही तेवढ्या हसला नाहीत. विचारलंत, "किती उंच?" मी म्हणालो, "चार बोटं तरी."  

दुसऱ्या दिवशी तुम्ही शिवणाच्या दोन टेपा टोकाला टोक लावून, टाके घालून आणल्या होत्यात. साठ आणि साठ, एकशेवीस इंच, म्हणजे दहा फूट. टेबलावर स्टूल, स्टुलावर मी. टेप रिंगवरून सोडली, तर खालचा तुकडा जमिनीवर वळून पडला. आपली रिंग चार इंच बुटकी निघाली. पोरांना वाटलं खांब खचला. खांब जागच्या जागी होता. दरवर्षी गॅदरिंगच्या आधी मैदानावर मुरूम पडायचा, पाणी मारून दाबला जायचा, मैदान छान दिसायचं आणि वर यायचं. मला वाटलं होतं आता तुम्ही मुख्याध्यापकांवर रागावणार. तुम्ही टेप गुंडाळत म्हणालात, "चूक माझी. मी पहिल्या वर्षी मोजलं आणि झालं म्हणून बसले. वाढत्या अंगाच्या पोराचं माप दरवर्षी घ्यावं लागतं, हे मला कुणी सांगायला हवं होतं का?" एका मोठ्या माणसाने पोरांसमोर, सहज, पाणी पिताना बोलावं तसं "चूक माझी" म्हटलेलं मी तोवर ऐकलं नव्हतं. नंतरही फारसं ऐकलं नाही. मला स्वतःलाही ते नीटसं जमत नाही. रिंग वर घ्यायला वेल्डर बोलवायचा तर पैसे नव्हते, म्हणून आपण जमीन खाली नेली. महिनाभर रोज संध्याकाळी फावडी आणि घमेली. पावसाळ्यात त्या खड्ड्यात तळं साठलं, तेव्हा मुख्याध्यापक म्हणाले, "बाई, म्हैस आणून सोडू का?" तुम्ही म्हणालात, "सोडा. दहा फुटांवर बॉल टाकत असेल तर संघात घेते."

मला खेळाडू म्हणून नोकरी लागली तेव्हा तुम्ही गादीच्या पट्ट्यापट्ट्यांच्या कापडाची पिशवी शिवून दिलीत, बुटांचा कप्पा वेगळा, खांद्याचे बंद दुहेरी शिवणीचे. दक्षिणेत नोकरीच्या गावी, सरावाच्या हॉलवर पहिल्या दिवशी सगळे विचारतात, गादी घेऊन आलास का. नंतर त्यांच्या चेन तुटतात आणि माझी पिशवी टिकते. नोकरी एका सरकारी कंपनीत, कागदावर कारकून. सकाळी मस्टरवर सही करायची आणि हॉल गाठायचा. आयुष्यात पहिल्यांदा लाकडी जमीन पाहिली. बॉल हाताशी इतका लवकर परत येतो की पहिले दोन दिवस माझाच हात मागे पडत होता. उंची पाच फूट दहा, संघात सगळ्यात बुटका. म्हणून मी लांबून टाकायला शिकलो आणि त्याच्यावर चौदा मोसम खेळलो. भारताच्या शिबिरात शेवटच्या विसात होतो, शेवटच्या बारात नव्हतो. लोकांना हे सांगताना वाईट वाटतं का विचारतात. नाही वाटत. विसात होतो ते खरं आणि बारात नव्हतो तेही खरं. पुढे गुडघा म्हणाला बास, मग काही वर्षं खरोखरच कारकुनी केली आणि स्वेच्छानिवृत्ती घेऊन गावी आलो.

आमची जमीन काळी. उन्हाळ्यात भेगा पडतात, पावसात फुगते. तिच्यावर नुसतं काँक्रीट ओतलं तर दोन वर्षांत फुटतं. म्हणून मी वाट्याच्या अर्ध्या एकरातली तीन फूट माती काढली, दगड आणि मुरूम भरला, थर देऊन दाबला, आणि मग काँक्रीटचे चौकोन पाडून एकाआड एक ओतले, पाणी निघून जाईल असा उतार ठेवून. शेजारचे भाऊ रोज बांधावर उभे. "खळं लई मोठं केलं रं! एवढ्या रानात ऊस बसला असता." मी म्हणालो, "भाऊ, हे खेळायला हाय." ते म्हणाले, "खेळायला? आन् सोयाबीन वाळवायला न्हाई का चालनार?" शेवटी चालतं असं ठरलं. हंगामात अर्धं कोर्ट त्यांचं, अर्धं आमचं, संध्याकाळी पाचच्या आत झाडून दिलं पाहिजे. एकदा एक दाणा राहिला, त्यावरून सरावाला आलेली एक मुलगी घसरली, तेव्हापासून भाऊ स्वतः झाडू घेऊन वाकून बघतात. आणि हो, काँक्रीटवर मुरूम पडत नाही, तरी दर दिवाळीला मी रिंगखाली टेप लावतो.

आता परवाचं. दोघांतला एक तरुण, स्वतः चांगला खेळलेला, बोलायला आदबशीर. संध्याकाळचा सराव त्याने अख्खा उभ्याने पाहिला. बारा-तेरा मुली, आजूबाजूच्या गावांतल्या, काही सायकलवर येतात. तो मला म्हणाला, "सर, सगळ्या एकजात वरून टाकतात. हे कुठून आणलंत?" मी म्हणालो, "शिवणाच्या तासातून." त्याला कळलं नाही, मी समजावलं नाही. मग त्याने तिकडचं सांगितलं. ॲक्रिलिकचं कोर्ट, काचेचे बोर्ड, बटण दाबलं की रिंग वर-खाली. "तुम्हाला हाताने काही करावं लागणार नाही, सर. सगळ्याला माणसं आहेत." तो चांगल्या मनाने बोलत होता. बायकोने चहा आणला आणि तेवढ्यात बातमी मुलींपर्यंत पोचवली.

आमच्यातली सगळ्यात बुटकी आणि सगळ्यात तोंडाळ मुलगी बॉल काखेत धरून पुढं आली. "सर, तुमी पुन्याला चाललात व्हय?"

"अजून ठरलं नाही."

"ठरलं तर चावी कुनाकडं?"

"कसली चावी?"

"गेटची. आन् बॉलच्या पेटीची. माझ्याकडं द्या, माझं घर जवळ हाय."

"हिच्याकडं नगा देऊ, सर," दुसरी म्हणाली, "ही झोपून ऱ्हाती. आमी गेटावर चढायचं का?"

"आन् जाळी कोन इननार?"

"मला येती."

"तुझी गाठ सुटती!"

"तुझी तर बसतच न्हाई!"

मी तिथेच उभा, आणि त्या मी गेल्यासारख्याच भांडतायत. जाऊ नका, असं एकीनेही म्हटलं नाही. तो पुण्याचा तरुण हसू दाबत म्हणाला, "सर, तुमची टीम तर तयार आहे." मी हसलो, पण खरं सांगतो, लागलं. निदान एकीने तरी डोळे पुसायला हरकत नव्हती. रात्री जेवताना बायको म्हणाली, "जायचं तर जा. मी येते. पण तिथं ठोकायला काही मिळालं नाही तर माझ्या स्वयंपाकघराची तोडफोड करायची नाही."

आज सकाळी कोर्ट झाडताना ते लागलेलं कुठे गेलं कळलं नाही. उलट बरंच वाटायला लागलं. चावीवरून भांडतायत म्हणजे मी नसलो तरी संध्याकाळी गेट उघडणार, जाळीला गाठ बसणार, सुटली तर दुसरी कुणीतरी मारणार. मी गेलो तर यांचं काय, ही एक अडचण मी परवापासून बाळगून होतो, ती मुलींनीच सोडवून दिली. आता जाऊ शकत होतो. आणि तेव्हाच कळलं की मला जायचं नाही. तिकडे शिट्टी आहे, ती हातात यावी म्हणून मी पंचवीस वर्षं झुरलो, हे तुमच्यापासून काय लपवू. पण मला सकाळी झाडू लागतो, आणि रंग कुठे उडालाय ते बघत फिरायला लागतं. मुलींचं माझ्यावाचून अडत नाही. माझंच इथल्यावाचून अडेल. कुणी विचारलं तर मी हेच सांगणार आहे. मुलींसाठी राहिलो असं म्हणून मोठेपणा घेणार नाही.

हा कागद कुठे नेणार नाही. नगरला आलो की तुमच्या दगडाशी थांबतो, पण तिथे ठेवला तर वाऱ्याने शेजारच्या थडग्यावर जाईल, आणि तुम्हाला परक्यांनी आपली पत्रं वाचलेली चालायची नाहीत. त्यामुळे इथेच सांगून टाकतो, जे अजून बायकोलाही सांगितलेलं नाही. मुख्य प्रशिक्षकाची जागा, पाच वर्षांचा करार, राहायला दोन खोल्यांचा फ्लॅट आणि महिना पंच्याऐंशी हजार रुपये. सकाळी फोनवर त्या तरुणाने आकडा सांगितला तो मला स्वच्छ ऐकू आला होता. तरी मी म्हणालो, इथे रेंज नाही, पुन्हा सांगा. त्याने पुन्हा सांगितला, सावकाश, पंच्याऐंशी हजार. तो नीट ऐकून घेतला, आणि मग नाही म्हणालो.