सायकलप्रेमी संतोष

मंगळवार, संध्याकाळ

चाकणला कंटेनरखाली गेलेल्या संतोषचं पान आमच्या सायकल-मार्ग मोहिमेच्या वेबसाइटसाठी तयार झालं. मथळा 'सायकलप्रेमी संतोष'. शब्द माझा. कासारवाडीला जाऊन त्याच्या बायकोला दाखवलं.

"प्रेम कसलं, भाऊ? रोज शिव्या घालायचे सायकलला. मोटरसायकल परवडत न्हवती, म्हणून. तेवढा शब्द काढा."

"काढतो, वहिनी."

काढू? मजबुरीसाठी कुणी मार्गाच्या मागणीपत्रावर सही करत नाही, प्रेमासाठी करतात. सभा गाजवून एवढं तर शिकलोय. मार्ग झाला तर दुसरा संतोष वाचेल. वाचेल ना?

घरी येऊन वेबसाइट बनवणाऱ्या निखिलला फोन केला. सायकलप्रेमी राहू दे. वहिनींचा फोन साधा आहे, त्यांना दिसणार नाही.