कधीपासून असं होतंय?

चि. यशोधरास सप्रेम जय भीम.

हे पत्र तुझ्यापत्तुर यायचं न्हाई, म्हणून खरं लिहितोय.

तुझ्या आईच्या पुण्यानुमोदनाला तू सगळ्यांसमोर म्हणालीस, "बाबांनी एक मिनिट वाया घालवलं नाही." मी मान खाली घातली. लोकांना वाटलं, रडतोय.

पोरी, तुझ्या आईचं तोंड सकाळी सातलाच वाकडं झालतं. हातातली कपबशी सुटली, बोलणं बोबडं झालं. मला वाटलं, अशक्तपणा आसंल, जरा पडली की बरं वाटंल. कुरवंडे गावातनं गाडी काढली तवा दीड वाजलाता.

दवाखान्यात आमच्या पुढच्या माणसाला डॉक्टर सगळ्यांदेखत बोलले, "इतका वेळ काय करत होतात?" मग मला विचारलं, "बाबा, यांना कधीपासून असं होतंय?"

मी म्हणालो, "आत्ताच. तासभर झाला."

त्या वेळेवर इस्वास ठेवून त्यांनी गुठळी विरघळायचं इंजेक्शन दिलं. ते पहिल्या चार-साडेचार तासांतच देत्यात, हे मला मागनं कळलं. त्यानंच तिच्या डोक्यात रक्तस्राव झाला, अन् त्यातच ती गेली.

तुझ्या आईला, माझ्या सरूला, खरी वेळ ठावं व्हती. स्ट्रेचरवरनं ती माझ्याकडं नुसती बघत ऱ्हायली. तिला बोलता येत नव्हतं.

तुझा बाप,
गोरख