इराने रेफरीला झापलं

ती. आईस, पोरिरुआ, न्यूझीलंडहून सिद्धीचा नमस्कार.

आम्ही मजेत आहोत. काल इराच्या मैत्रिणी घरी टीव्हीवर अमेरिकन फुटबॉल बघत होत्या. एका खेळाडूने बॉल छातीशी धरला, पण पडताना तो जरा हलला, म्हणून रेफरीने कॅच नाकारला. बॉल जमिनीला लागला की नाही, यावरून पोरींची जुंपली. एरवी माझ्या मराठीला इंग्लिशमध्ये उत्तर देणारी इरा टीव्हीवर ओरडली, “अहो, डोळे फुटलेत का तुमचे?”

मी हादरलेच. कुठे ऐकलंस विचारलं, तर म्हणाली, “आजी सेज इट टू आजोबा. ही कान्ट फाइंड हिज कप.”

आई, बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन छान झालं म्हणालीस ना?

उद्या व्हिडिओ कॉलवर मी बोटं दाखवेन. बाबांनी मोजायची. तू शेजारून सांगायचं नाहीस.

तुझी,
सिद्धी